मंगळाने बंड केलं, तर पृथ्वीला लढता येईल का?

वाचकांचे प्रश्न

चंद्रावर किंवा मंगळावर माणसांची कायमची वस्ती झाली आणि एक दिवस तिने ‘आम्ही आता स्वतंत्र’ असं जाहीर केलं, तर पृथ्वीला ती लढून परत घेता येईल का? या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांतले आकडे आज हाताशी असलेल्या तंत्रज्ञानाचे आहेत: रासायनिक इंधनाची रॉकेट, सौर पॅनेल आणि अवकाश स्थानकावर वापरात असलेली हवा-पाण्याची यंत्रणा.

प्रश्न: मंगळावर बंड झालं, तर पृथ्वीवरून फौज पोहोचायला किती दिवस लागतील?

उत्तर: किती दिवसांत पोहोचेल याआधी कधी निघता येईल, ते पाहावं लागतं. पृथ्वी सूर्याभोवतीची फेरी ३६५ दिवसांत पुरी करते, मंगळाला ६८७ दिवस लागतात. परवडेल इतक्या इंधनात जायचं, तर दोघांच्या जागा ठरावीक कोनात जुळाव्या लागतात. ती वेळ साधारण ७८० दिवसांनी, म्हणजे २६ महिन्यांनी येते आणि काही आठवडेच टिकते. जुलै २०२० मध्ये संयुक्त अरब अमिराती, चीन आणि अमेरिका यांची मंगळयानं २०, २३ आणि ३० तारखेला ओळीने सुटली, ती याच मुहूर्तामुळे. वाटेत सात ते दहा महिने जातात. मुहूर्त टळल्याच्या दुसऱ्या दिवशी बंड झालं, तर फौज दारात उभी राहायला पावणेतीन ते तीन वर्षं लागतील. परतीचीही तीच गत आहे. पोहोचलेल्या फौजेला घरी निघण्यासाठी सव्वा वर्षाच्या आसपास थांबावं लागेल, आणि तेवढ्या दिवसांचं खाणंपिणं सोबत न्यावं लागेल.

मुहूर्त आला तरी सगळी यंत्रं त्या दिवशी तयार हवीत. ‘इनसाइट’ हे अमेरिकेचं मंगळयान मार्च २०१६ मध्ये निघणार होतं. त्याच्या भूकंपमापकाच्या निर्वात डब्यात बारीक गळती सापडली, ती वेळेत बुजली नाही, आणि यान सुटलं ५ मे २०१८ ला. एका डब्याच्या गळतीने २६ महिने खाल्ले. वीस-पंचवीस यानांचा ताफा एकाच मुहूर्तावर काढायचा, तर अशा किती गळत्या निघतील याचा अंदाज यावरून करावा.

प्रश्न: इंधन भरपूर घेतलं, तर हवं तेव्हा निघता येणार नाही का?

उत्तर: या सगळ्या विषयाचं गणित याच प्रश्नात आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. अवकाशात अंतरापेक्षा वेगातला बदल महाग पडतो. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत यान सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेगाने फिरत असतं. तिथून मंगळाच्या वाटेला लागायला आणखी ३.६ किलोमीटर प्रतिसेकंद वेग हवा. मंगळाशी पोहोचल्यावर जवळच्या कक्षेत थांबायला साधारण २.१ किलोमीटर प्रतिसेकंद वेग कमी करावा लागतो. द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणाऱ्या चांगल्या इंजिनातून वायू सेकंदाला ४.४ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. या आकड्यांवर हिशेब केला, तर मंगळाच्या कक्षेत १०० टन पोहोचवायला पृथ्वीच्या कक्षेत ३६५ टन जमवावे लागतात. यात टाक्यांचं आणि इंजिनांचं वजन धरलेलं नाही, परतीचं इंधन तर नाहीच. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ४२० टनांचं आहे, आणि ते जोडायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला.

इंधन वाढतं ते गुणाकाराने, कारण आधी जाळायच्या इंधनाला नंतर जाळायचं इंधनही ढकलावं लागतं. याच इंजिनाने वेगबदल दुप्पट हवा असेल, तर वजनाच्या गुणोत्तराचा वर्ग होतो. मुहूर्त सोडून निघायचं म्हणजे वेगबदल दुप्पट-तिप्पट होतो, आणि मग १०० टनांमागे हजारो टन लागतात.

आपल्या मंगळयानाकडे या नजरेने पाहा. ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोट्याहून सुमारे ३२० टनांचं पीएसएलव्ही उडालं. कक्षेत पोहोचलेलं यान १,३३७ किलोचं होतं, त्यातलं ८५२ किलो इंधन. उपकरणं जेमतेम १५ किलो. पीएसएलव्हीची ताकद थेट मंगळाकडे फेकण्याइतकी नव्हती, म्हणून पृथ्वीभोवती फेऱ्या मारत, दर फेरीत इंजिन थोडं पेटवून कक्षा लांबवत नेली. ११ नोव्हेंबरला त्यातला एक टप्पा कमी पडला. इंधनाच्या झडपेची मुख्य आणि राखीव अशी तारेची दोन्ही वेटोळी एकत्र चालवून पाहताना इंधनाचा प्रवाह थांबला, आणि यान एक लाख किलोमीटरऐवजी सुमारे ७८ हजारांपर्यंतच गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा इंजिन पेटवून ही कसर भरून काढली. हे जमलं, कारण जवळ राखीव इंधन होतं आणि वाटेत कोणी मारणारं नव्हतं. लढाईत हेच राखीव इंधन शत्रूचा मारा चुकवण्यात आधी संपेल.

प्रश्न: पृथ्वीवरचे सेनापती तिकडच्या लढाईला हुकूम कसे देणार?

उत्तर: चालत्या लढाईत देता येणार नाहीत. मंगळापर्यंत रेडिओ संदेश जायला अंतराप्रमाणे ३ ते २२ मिनिटं लागतात आणि उत्तर यायला तेवढीच. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान कक्षेत शिरलं, तेव्हा एका बाजूचा वेळ साडेबारा मिनिटांच्या आसपास होता. इंजिन सुमारे २३ मिनिटं पेटलं होतं आणि त्यातला काही काळ यान मंगळाच्या आड होतं. सगळे हुकूम आधीच यानाच्या संगणकात भरून ठेवले होते. शिवाय दर २६ महिन्यांनी मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो. तेव्हा सुमारे दोन आठवडे नियंत्रण कक्ष यानांना नवे हुकूम पाठवणं बंद ठेवतात, कारण सूर्याच्या गोंगाटात अर्धवट पोहोचलेला हुकूम यानाला घातक ठरू शकतो. म्हणून अशा ताफ्याच्या प्रमुखाला युद्ध आणि तह या दोन्हींचे अधिकार देऊनच पाठवावं लागेल.

प्रश्न: अवकाश एवढं प्रचंड आहे. ताफा लपत-छपत नाही का जाऊ शकणार?

उत्तर: नाही. माणसं असलेलं यान २० अंशांच्या आसपास उबदार ठेवावं लागतं, आणि मागची पार्श्वभूमी असते उणे २७० अंशांची. त्या तापमानाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४०० वॅट उष्णता अवरक्त किरणांतून बाहेर टाकतो. हजार चौरस मीटरचं यान म्हणजे काळोखात सतत पेटलेला ४०० किलोवॅटचा दिवा. एक बाजू थंड ठेवून उष्णता दुसरीकडे सोडता येते, पण शत्रूने दोन-तीन दिशांना दुर्बिणी ठेवल्या की तो डाव फसतो. इंजिन पेटलं, की लपण्याचा प्रश्नच संपला. त्या ज्वाळेचा वेग आणि दिशा मोजली की ताफा कुठे आणि कोणत्या तारखेला पोहोचणार, हे महिनोन् महिने आधी काढता येतं. नकली यानं सोडायची, तर ती खऱ्याइतकीच गरम हवीत आणि खऱ्यासारखी धावली पाहिजेत. म्हणजे त्यांनाही जवळजवळ तेवढंच इंधन.

लपवता येतो तो हेतू. धान्याच्या यानात शस्त्रं भरून पाठवली, तर दुर्बिणीला दोन्ही यानं सारखीच दिसतात.

प्रश्न: लेझर आणि तोफा अवकाशात किती उपयोगाच्या?

उत्तर: तोफ अवकाशात खरोखर डागली गेली आहे. सोव्हिएत संघाच्या ‘साल्युत ३’ या लष्करी स्थानकावर विमानातल्या तोफेवरून बनवलेली तोफ बसवली होती. आत कोणी नसताना, जानेवारी १९७५ मध्ये तिची चाचणी झाली. तोफ स्थानकाला पक्की जोडलेली असल्यामुळे नेम धरायला पूर्ण स्थानक वळवावं लागे, आणि धक्का सावरायला स्थानकाची इंजिनं लागत.

लेझरची अडचण वेगळी आहे: किरण पसरतो. एक मीटरच्या आरशातून एक मायक्रॉन तरंगलांबीचा किरण सोडला, तर हजार किलोमीटरवर त्याचा ठिपका सुमारे अडीच मीटरचा होतो. एक मेगावॅटचा लेझर असेल तर तिथे धातू वितळेल. एक लाख किलोमीटरवर तोच ठिपका २४४ मीटरचा होतो आणि दर चौरस मीटरला जेमतेम २१ वॅट पडतात. नुसतं ऊन तिथे १,३६१ वॅट देत असतं. आरसा दहा मीटरचा केला, तरी एक लाख किलोमीटरवर उन्हाच्या दीडपटच. लेझर चालवताना आपल्या यानात साठणारी उष्णता वेगळीच. ३० टक्के कार्यक्षमता धरली, तर एक मेगावॅट किरणामागे दोन मेगावॅटहून जास्त उष्णता फेकावी लागते. अवकाश स्थानकाचे अमोनियावर चालणारे मोठे पंख, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी पॅनेल, सुमारे ७० किलोवॅट फेकतात. तसे तीसहून जास्त संच लागतील, आणि ती मोठाली पातळ पॅनेल शत्रूच्या माऱ्याला सगळ्यात आधी फाटतील.

खरं शस्त्र वेग हेच. सेकंदाला १० किलोमीटर वेगाने आलेला एक किलोचा दगड १२ किलो टीएनटीइतकी ऊर्जा घेऊन येतो. त्यात स्फोटक भरायची गरजच नाही. स्थानकाच्या भिंतीबाहेर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, मग मोकळी जागा, मग मजबूत कापडाचे थर अशी ढाल असते. कण पत्र्यावर फुटून त्याचा चुरा होतो आणि मोकळ्या जागेत पसरून भिंतीवर हलका पडतो. ही ढाल साधारण एक सेंटिमीटरच्या कणापर्यंत पुरते. त्यापुढे भोक पडतंच.

प्रश्न: चंद्रावरच्या बंडखोरांनी पृथ्वीवर दगड फेकले तर?

उत्तर: कल्पना भौतिकशास्त्राला धरून आहे. चंद्रावरून सुटायला सेकंदाला २.४ किलोमीटर वेग पुरतो आणि मधे हवा नाही. विद्युतचुंबकांच्या रुळावरून, पृथ्वीच्या गुरुत्वाच्या शंभरपट त्वरणाने फेकायचं, तर रूळ सुमारे तीन किलोमीटरचा हवा. एक किलोला ऊर्जा लागते ०.८ युनिट वीज. तोच दगड पृथ्वीच्या वातावरणात ११ किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने शिरतो, तेव्हा त्यात साडेचौदा किलो टीएनटीइतकी ऊर्जा असते. वाढीव ऊर्जा पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण फुकट देतं.

आता व्यवहार. हिरोशिमाच्या बॉम्बइतकी, म्हणजे १५ किलोटन ऊर्जा हवी, तर सुमारे हजार टन दगड फेकावा लागतो. त्याला कसलीही गळती न धरता आठ लाख युनिट वीज लागते. एक मेगावॅटच्या सौर पॅनेलांना त्यासाठी ३३ दिवस अखंड ऊन हवं, आणि चंद्रावर दोन आठवड्यांची रात्र असते. नेम साधणंही अवघड आहे. सुटताना वेगात सेकंदाला एक सेंटिमीटरची चूक झाली, तर तीन दिवसांच्या प्रवासात ती निदान अडीच किलोमीटरची होते.

सगळ्यात मोठा अडथळा वातावरण आहे. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा, बारा हजार टनांच्या आसपासचा दगड सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने आला आणि जमिनीपासून तीस किलोमीटर उंचीवर फुटला. दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, ती बहुतेक फुटलेल्या काचांनी. जमीन फोडायची तर दगड याहून खूप मोठा हवा, किंवा लोखंडाचा. बुलढाण्यातलं लोणारचं विवर कडक बसाल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर रुंद पडलं आहे. तसा घाव घालणारं वस्तुमान तीन किलोमीटरच्या रुळावरून फेकता येत नाही. आणि तो रूळ जागचा हलत नाही. पहिला दगड सुटताच त्याची जागा पृथ्वीवरून नेमकी कळते. दगड पोहोचायच्या आत प्रत्युत्तराचं क्षेपणास्त्र निघालेलं असेल.

लघुग्रह वळवून आपटायची भीतीही काहींनी विचारली आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला ‘डार्ट’ हे सुमारे ५७० किलोचं यान सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने डायमॉर्फस या १६० मीटरच्या पिंडावर आदळलं. त्या पिंडाचा वेग सेकंदाला काही मिलिमीटरने बदलला. एवढ्या ढकलण्यातून पृथ्वीवर नेम धरायचा, तर वर्षानुवर्षं काम करावं लागेल, तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि ज्याला वळवता येतं त्याला परतही वळवता येतं.

प्रश्न: अणुबॉम्ब?

उत्तर: निर्वातात धक्क्याची लाट नसते. बॉम्बची ऊर्जा मुख्यतः क्ष-किरणांतून जाते, आणि अंतर दुप्पट झालं की ती चौथाईवर येते. जवळ फुटला तर यान जाईल, शंभर-दोनशे किलोमीटरवर परिणाम झपाट्याने उतरतो. पृथ्वीजवळ फोडणं मात्र स्वतःच्याच पायावर धोंडा. ९ जुलै १९६२ ला अमेरिकेने पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनची चाचणी केली. सुमारे १,४५० किलोमीटर दूर हवाईत रस्त्यावरचे दिवे गेले. भारित कणांचा पट्टा तयार होऊन पुढच्या महिन्यांत अनेक उपग्रह निकामी झाले, त्यात अमेरिकेने स्वतः सोडलेलेही होते.

प्रश्न: मग बंडखोरांकडे पृथ्वीला धाक घालणारं काहीच नाही का?

उत्तर: आहे, आणि आम्हाला तेच सर्वांत गंभीर वाटतं: पृथ्वीजवळची कक्षा नासवणं. ११ जानेवारी २००७ ला चीनने आपलाच जुना हवामान उपग्रह ८६५ किलोमीटर उंचीवर फोडला. मोजता येतील असे तीन हजारांहून जास्त तुकडे झाले. एवढ्या उंचीवरचे तुकडे कित्येक दशकं फिरत राहतात. २७ मार्च २०१९ ला भारताने ‘मिशन शक्ती’त सुमारे २८३ किलोमीटरवरचा उपग्रह निवडला. एवढ्या कमी उंचीवर हवेच्या विरळ थराने बहुतेक तुकडे काही आठवड्यांत-महिन्यांत खाली ओढले. उंची निवडण्यातच सारं आहे. बंडखोरांनी मुद्दाम ८०० ते १,००० किलोमीटरचा पट्टा भरला, तर पृथ्वीचा ताफा कक्षेत जमवणंच धोक्याचं होईल, आणि हवामान, दळणवळण, नकाशे हे सगळं त्यात जाईल. चंद्रावरच्यांना तर पृथ्वीचा माल याच वाटेने येतो. म्हणजे हे शस्त्र वापरणाऱ्याचाही घास तोडतं.

प्रश्न: पृथ्वीने हल्ला न करता नुसती रसद तोडली तर वसाहत किती दिवस टिकेल?

उत्तर: अशा युद्धाचा निकाल इथेच लागेल, असं आमचं स्पष्ट मत आहे. वेढा घालायला ताफासुद्धा लागत नाही. मुहूर्त येतो, यान निघत नाही, एवढंच.

शंभर माणसांचा हिशेब घ्या. माणसाला दिवसाला ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो, शंभर जणांना वर्षाला ३१ टन. पिण्याचं, रांधण्याचं, स्वच्छतेचं पाणी माणशी सुमारे ३.८ लिटर. अवकाश स्थानकावर २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. तरी उरलेल्या दोन टक्क्यांत शंभर माणसांची वर्षाला पावणेतीन टनांच्या पुढे तूट येते. वेष्टनासह अन्न माणशी १.८ किलो धरलं, तर एका मुहूर्तापासून दुसऱ्यापर्यंत १४० टन. मंगळावर बर्फ आहे, हवेत कार्बन डायऑक्साइड आहे, त्यामुळे पाणी आणि ऑक्सिजन तिथेच करता येईल. पण ‘पर्सिव्हरन्स’ या अमेरिकेच्या मंगळगाडीवरच्या ‘मॉक्सी’ या यंत्राने १६ खेपांत मिळून १२२ ग्रॅम ऑक्सिजन केला, जास्तीत जास्त वेग तासाला १२ ग्रॅम. एका माणसाला तासाला ३५ ग्रॅम लागतो.

शेती करू म्हटलं, तर ‘बायोस्फिअर २’ आठवावं. अमेरिकेतल्या ॲरिझोनात सव्वा हेक्टरच्या बंद काचघरात सप्टेंबर १९९१ ते सप्टेंबर १९९३ आठ माणसं राहिली. सोळा महिन्यांत तिथला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या खाली आला आणि बाहेरून सोडावा लागला. खतावलेल्या मातीतले जीवाणू ऑक्सिजन खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते, आणि तो वायू झाडांकडे परत जाण्याऐवजी नव्या काँक्रीटमध्ये मुरून चुनखडी बनत होता. हिशेबातून निसटली ती भिंत. मंगळावर बाहेरून ऑक्सिजन सोडायला कोणी नसेल.

प्रश्न: सैनिक उतरवून वसाहत ताब्यात घेता येईल का?

उत्तर: मंगळाची हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ आहे. यान जळेल इतकी दाट, पण पॅराशूटवर अलगद उतरवायला अपुरी. ‘पर्सिव्हरन्स’ १,०२५ किलोची होती. तिला उष्णतारोधक ढाल, साडेएकवीस मीटरचं पॅराशूट आणि शेवटी दोरांनी खाली सोडणारं रॉकेट एवढं सगळं लागलं, आणि उतरण्याची ती सुमारे सात मिनिटं यान ठरलेल्या वाटेवरून फारसं हलू शकत नव्हतं. माणसांची तुकडी म्हणजे दहा-वीस टन. आणि उतरलेल्या सैनिकांना श्वास घ्यायला वसाहतीचीच हवा लागणार. जिंकायला आलेल्यांना वसाहतीची भिंत बंडखोरांपेक्षा जास्त जपावी लागेल.

प्रश्न: कायद्याने बंडखोर कोण ठरतात?

उत्तर: १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणत्याही राष्ट्राला ग्रह-उपग्रहांवर मालकी सांगता येत नाही. खासगी संस्थांच्या कामाचीही जबाबदारी त्यांच्या राष्ट्रावर असते, आणि नोंदवलेल्या यानावर व त्यातल्या माणसांवर त्याच राष्ट्राचा अधिकार चालतो. भारताने हा करार १९८२ मध्ये मंजूर केला. म्हणजे कागदावर ते बंड त्या राष्ट्राचा घरगुती मामला. मागचं राष्ट्रच नाहीसं झालं तर काय होतं, याचं उदाहरण आहे. सर्गेई क्रिकालेव १८ मे १९९१ ला सोव्हिएत संघाचे नागरिक म्हणून ‘मीर’ या अवकाश स्थानकाकडे निघाले. मधेच तो देश विसर्जित झाला, प्रक्षेपणतळ कझाकस्तानात गेला. ते ३११ दिवसांनी, २५ मार्च १९९२ ला परतले. तोवर मालवाहू यानं जात राहिली, म्हणून स्थानक चालू राहिलं.

प्रश्न: वसाहतीला स्वतंत्र व्हायचंच असेल, तर आधी काय हाताशी हवं?

उत्तर: दोन मुहूर्तांचं अन्न, शंभर माणसांमागे २८० टन. ते साठवता येतं. अडतं ते किरकोळ वस्तूंवर: पंपांचे रबरी सील, कार्बन डायऑक्साइड शोषणारे खडे, पाण्याचे फिल्टर, मुदत संपणारी औषधं, आणि संगणकाच्या चिप. चिपचा कारखाना काही हजार माणसांच्या वस्तीत उभा राहत नाही. सील मात्र बनवता येतील, रबराचा कच्चा माल आणि साचे आधी आणले तर. घोषणेची तारीख मुहूर्त संपल्यावर लगेचची धरावी, म्हणजे २६ महिने मिळतात. हे पंचांग पृथ्वीवरच्यांकडेही असतं. त्यांना संशय आला, तर शेवटच्या मुहूर्तावर आलेलं यान धान्याने काठोकाठ भरलेलं असेल, आणि सीलचं खोकं मात्र यादीत असूनही त्यात नसेल. म्हणून माल उतरवताना वजनावर सही करू नये. प्रत्येक सुट्या भागाचा क्रमांक यादीशी ताडून पाहावा, आणि तोही परतीचं यान सुटायच्या आधी.